प्रीमियम घेताना पाच लाखांची गाडी, क्लेम देताना साडेतीन लाखांची कशी?

गाडीचा मोठा अ‍ॅक्सिडेंट झाला किंवा गाडी पुरात बुडाली आणि विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्त करण्यात अर्थ नाही, असं म्हटलं की घरात एकच विषय सुरू होतो, कंपनी किती देईल. म्हणजे देणं न देणं कंपनीच्या मर्जीवर आहे असं धरूनच आपण बोलायला लागतो. एजंट सांगतो मिळतंय ते घ्या, गॅरेजवाला सांगतो कंपनीशी कोण भांडत बसणार, वर्षं जातात, शेजारी कोणीतरी आपला अनुभव सांगतो की आम्हाला तर याहून कमी मिळाले होते, आणि शेवटी माणूस सही करून मोकळा होतो. चांगली शिकलेली, ऑफिसमध्ये प्रत्येक कागद दोनदा वाचून सही करणारी माणसं पण इथे लाख-दीड लाख रुपये सोडून देतात, कारण त्यांना मनापासून वाटतं की गाडीची किंमत ठरवायचा हक्क कंपनीचा आहे.

तो नाहीये. आपल्या देशात तरी टोटल लॉस झालेल्या गाडीची किंमत अपघातानंतर ठरतच नाही. ती पॉलिसी घेतली त्या दिवशी ठरलेली असते, पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये छापलेली असते, आणि त्याच आकड्यावर कंपनीने आपल्याकडून प्रीमियम घेतलेला असतो. आयडीव्ही म्हणतात ती, इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू. त्यामुळे अपघातानंतर "मार्केटमध्ये या मॉडेलला आता एवढेच मिळतात" असं कंपनीचा माणूस बोलायला लागला की त्याला तिथेच थांबवायला पाहिजे, कारण तो ठरलेला सौदा परत उघडतोय.

हा आकडा येतो कुठून तेही सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याचे दर आणि अटी ठरवणाऱ्या नियमावलीत, याचा तक्ता आहे. पॉलिसी सुरू होताना त्या मॉडेलची गाडी बनवणाऱ्या कंपनीची जी लिस्टेड किंमत असेल ती घ्यायची (आपण घेतली तेव्हाची नाही, आत्ताची) आणि गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांवरच्या गाडीचा आकडा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचा. २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमचे दर मोकळे झाले, कंपन्या आयडीव्ही थोडी खालीवर करू देतात, पण पॉलिसीची मूळ भाषा बऱ्याच अंशी तीच राहिली, आणि त्या भाषेत स्पष्ट लिहिलंय की टोटल लॉसच्या क्लेमसाठी ही रक्कम पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत गाडीची मार्केट व्हॅल्यू समजायची, मधल्या काळात आणखी घसारा लावायचा नाही. म्हणजे मार्केट व्हॅल्यू काय हा प्रश्न आधीच सोडवून ठेवलाय, दोघांच्या संमतीने.

यावर सुप्रीम कोर्टाचं बोलणं पण झालंय आणि ते आजकालचं नाही, २००८ चं आहे. धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स. टाटा सुमोला अपघात झाला, पॉलिसीत किंमत ३ लाख ५४ हजार लिहिलेली, आणि कंपनी त्याच्या कितीतरी खालचा आकडा धरून बसली. कोर्टाने सांगितलं की ज्या किमतीवर तुम्ही प्रीमियम घेतला ती किंमत पैसे द्यायची वेळ आल्यावर नाकारता येणार नाही. आणि नुसतं एवढ्यावर थांबलं नाही, गाडीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, त्यामुळे कंपन्यांचा हात वरचढ असतो आणि त्या घ्यायचं तर घ्या नाहीतर सोडा अशा थाटात वागतात, हे कायद्यात तर बसत नाहीच पण नैतिकदृष्ट्याही समर्थनीय नाही, असं कोर्ट म्हणालं. इतकं स्पष्ट बोलणं असताना आजही तेच चालू आहे याचा मला खरंच राग येतो.

आता कोणी म्हणेल कायदा इतका सरळ आहे तर मग पैसे कापले जातात कुठे. कापले जातात ते अशा जागी जिथे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

पहिली जागा म्हणजे गाडी टोटल लॉस आहे की नाही हे ठरवणं. नियम ७५ टक्क्यांचा आहे, गाडी ओढून आणायचा आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की ती कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस. ऐकायला सोपं, पण टॅरिफच्या त्या वाक्यात "पॉलिसीच्या अटी-शर्तींच्या अधीन" अशा अर्थाचे शब्द आहेत आणि सगळं घोडं तिथे अडतं. कंपन्या त्याचा अर्थ असा लावतात की गॅरेजच्या एस्टिमेटमधून आधी पार्टवरचा घसारा वजा करायचा आणि मग उरलेली रक्कम ७५ टक्क्यांशी ताडून बघायची.

हे आकड्यात बघितलं तरच कळतं. समजा गाडी साडेतीन वर्षांची आहे, आयडीव्ही ५ लाख. गॅरेजचं एस्टिमेट आलं ४ लाख ३० हजार, त्यात पार्ट साडेतीन लाखांचे आणि मजुरी ८० हजार. हा खर्च झाला आयडीव्हीच्या ८६ टक्के, कोणीही म्हणेल गाडी गेली. पण पार्टमधले १ लाख २० हजार बंपर, रबर, एअरबॅग असल्या वस्तूंचे, त्यावर ५० टक्के घसारा म्हणजे ६० हजार गेले. पत्र्याचे आणि धातूचे पार्ट २ लाखांचे, या वयाला २५ टक्के, ५० हजार गेले. काचा ३० हजारांच्या, त्यावर घसारा नाही. एकूण १ लाख १० हजार वजा, कंपनीच्या अंगावर येतात ३ लाख २० हजार, म्हणजे ६४ टक्के. मग सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, लिहितो की गाडी रिपेअरेबल आहे. आता ज्याची गाडी आहे त्याने १ लाख १० हजार खिशातून घालायचे, दोन-अडीच महिने गॅरेजच्या चकरा मारायच्या, आणि परत मिळणार ती गाडी जिची चासी एकदा वाकून सरळ केलेली आहे, जी पुढे विकायला काढली तर गिऱ्हाईक बॉनेट उघडून बघतं आणि निघून जातं. त्याऐवजी टोटल लॉस धरलं असतं तर एक हजाराचा सक्तीचा एक्सेस (क्लेममधला मालकाने सोसायचा ठराविक हिस्सा) कापून ४ लाख ९९ हजार मिळाले असते. एकाच वाक्याचा अर्थ कसा लावायचा यावर माणसाचे लाखो रुपये ठरतात.

माझं मत विचाराल तर हा अर्थच चुकीचा आहे. गाडी दुरुस्त करण्यात अर्थ आहे की नाही हे दुरुस्तीला प्रत्यक्ष किती पैसे लागणार यावर ठरतं, त्यातले कोणी किती द्यायचे हा नंतरचा प्रश्न. घसारा हा वाटणीचा नियम आहे, त्याने गाडीचं नुकसान कमी होत नाही. ज्यांची झिरो डेप पॉलिसी असते त्यांना पार्टवरचा हा घसारा लागत नाही, मग तीच गाडी, तेच नुकसान, आणि एकाची गाडी टोटल लॉस तर दुसऱ्याची रिपेअरेबल, हे कुठल्या तर्कात बसतं? विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, एका ओळीत सांगून टाकावं की ७५ टक्के हे ग्रॉस एस्टिमेटवर मोजायचे. एवढ्या एका ओळीने कितीतरी भांडणं मिटतील.

दुसरी जागा सॅल्व्हेजची, म्हणजे गाडीच्या भंगाराची, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. पॉलिसीत लिहिलेलं असतं की टोटल लॉसमध्ये कंपनीची जबाबदारी आयडीव्ही वजा भंगाराची किंमत एवढी. म्हणजे भंगार मालकाकडे राहिलं तर त्याची किंमत वजा होणार, हे बरोबरच आहे, गाडी पण आपल्याकडे आणि पूर्ण पैसे पण आपल्याला असं कोणी मागत नाही. पण त्या भंगाराची किंमत कोण ठरवतो? कंपनी. कशी? ऑनलाइन बोली लावून. बोली लावणारे कोण? कंपनीच्या यादीतले डीलर. आणि बोली जितकी जास्त तितके कंपनीचे पैसे वाचणार. ज्याच्या खिशातून जाणार त्या मालकाला या सगळ्यात फक्त शेवटचा आकडा कळवला जातो.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा माझ्या मावसभावाची गाडी त्यात गेली. बाजारपेठेच्या भागात त्या दिवशी पाणी पहिल्या मजल्याला टेकलं होतं, गाड्यांचं काय होणार. पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा गाडी हायवेच्या एका वर्कशॉपच्या मागे लावलेली होती, बाजूला अजून बऱ्याच गाड्या, सगळ्या एकाच चिखलाच्या रंगाच्या. दार उघडलं तर डॅशबोर्डच्या वरपर्यंत गाळाची रेघ, सीटवर बोट दाबलं की पाणी वर यायचं, ग्लोव्ह बॉक्समधले पीयूसीचे आणि सर्व्हिसिंगचे कागद लगदा झालेले, आणि तो वास. वायरिंग, ईसीएम, एअरबॅगचे सेन्सर, काहीच वाचलेलं नव्हतं, त्यामुळे टोटल लॉसबद्दल वाद नव्हताच. आयडीव्ही ४ लाख २० हजार. कंपनीचा मेल आला की सॅल्व्हेज १ लाख ६५ हजार विथ आरसी (रजिस्ट्रेशनच्या कागदांसकट), त्यामुळे एक हजाराचा एक्सेस कापून तुम्हाला २ लाख ५४ हजार, गाडी तुमच्याकडे ठेवा, आमचा बायर येऊन पैसे देऊन घेऊन जाईल.

आठवडाभराने बायर आला. गाडीभोवती फिरला, ऑइलची डिपस्टिक काढून बघितली, त्यावर चहासारखं काहीतरी आलं, आणि म्हणाला दादा एक लाख दहाच्या वर परवडत नाही, फोटोत एवढं दिसलं नव्हतं. म्हणजे कागदावर १ लाख ६५ हजार, हातात १ लाख १० हजार, मधले ५५ हजार कोणाचे गेले? मावसभावाचे, कारण कंपनीने तिच्या बाजूने १ लाख ६५ हजार कापून घेतलेच होते. कंपनीला विचारलं तर उत्तर की बोली ती बोली, बायर आणि तुम्ही बघून घ्या. आम्ही मग फोनवर बोलणं बंद करून एकच मेल लिहिला, की आम्हाला सॅल्व्हेज ठेवायचंच नाहीये, पूर्ण आयडीव्ही द्या आणि गाडी तुम्ही उचला, बोलीची पूर्ण शीट पाठवा, आणि हे करणार नसाल तर कुठल्या अटीखाली नाही म्हणताय ते लेखी कळवा. त्यानंतर दहाएक दिवसांत बायरने बोलीचे पूर्ण पैसे खात्यात भरले आणि मग गाडी उचलली. ज्या किमतीला परवडत नव्हती त्याच किमतीला परवडली. पण शेजारच्या रांगेतल्या कितीतरी लोकांनी कमी पैसे घेऊन गाड्या देऊन टाकल्या होत्या, घरात चिखल, दुकानात चिखल, अशा वेळी मेल कोण लिहीत बसणार.

आणि हे "विथ आरसी" प्रकरण काय आहे ते नीट समजून घ्या, कारण इथे नुसता तुमच्या-माझ्या पैशाचा प्रश्न राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. असं केलं की ते खरंच भंगार होतं, लोखंडाच्या आणि सुट्या पार्टच्या भावाने जाणार. पण कागदांसकट विकलं तर भाव कितीतरी जास्त येतो. का येतो? काही गाड्या खरंच दुरुस्त होऊन परत रस्त्यावर येतात, मान्य आहे. पण पोलिसांनी वेळोवेळी पकडलेल्या टोळ्यांची पद्धत बघा, टोटल लॉस गाडीचे कागद आणि चासी नंबर घ्यायचा, त्याच मॉडेलची आणि रंगाची गाडी चोरायची, नंबर ठोकायचा, आणि विकायची. पेपर ट्रान्सफर झालेले नसतील तर चौकशीला पोलीस येणार ते मूळ मालकाच्या दारात. म्हणजे कंपनी क्लेममधून जी जास्तीची रक्कम कापते तिच्यातला काही भाग हा लोखंडाचा भाव नसून कागदांचा भाव आहे, आणि गाडी जर दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली असेल तर त्या कागदांना किंमत असायलाच नको. कंपनीने स्वतःच टोटल लॉस ठरवलेल्या गाडीची आरसी रद्द करणं सक्तीचं करा आणि भंगाराची किंमत विदाउट आरसी धरा, यात मालकाचाही फायदा आहे आणि ज्याची गाडी उद्या चोरीला जाणार आहे त्याचाही.

आता सर्व्हेअरबद्दल. इन्शुरन्स अ‍ॅक्टच्या कलम ६४ यूएम खाली गाडीचा ५० हजारांच्या वरचा क्लेम लायसन्सवाल्या सर्व्हेअरकडून तपासून घ्यावा लागतो. माझा सर्व्हेअर लोकांवर राग नाही, त्यातले कित्येक जण प्रामाणिक आहेत, पुराच्या दिवसांत एकेक माणूस दिवसभर चिखलात उभा राहून गाड्या बघत होता हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण नेमणार कंपनी, फी देणार कंपनी, पुढचं काम देणार कंपनी, आणि त्याने दोघांच्या मधे न्याय करायचा, ही रचनाच वाकडी आहे. लोकांना वाटतं सर्व्हेअरने लिहिलं म्हणजे संपलं. तसं नाहीये. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या २००९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सर्व्हेअरचा रिपोर्ट हा क्लेम ठरवायचा पाया असू शकतो पण तो शेवटचा शब्द नाही, तो कंपनीवरही बंधनकारक नाही आणि ग्राहकावरही नाही. त्याच वर्षीच्या श्री वेंकटेश्वर सिंडिकेटच्या निकालात असंही आलं की कंपनीने आपल्याला सोयीचा रिपोर्ट मिळेपर्यंत एकामागून एक सर्व्हेअर नेमत बसायचं नाही, दुसरा नेमायचा तर पहिला का पटला नाही याची कारणं द्यायची. म्हणून रिपोर्टची कॉपी मागून घ्या. ती मागितली तर द्यावी लागते, पण माझं म्हणणं मागायला तरी का लागावी, ज्या कागदावर माणसाचे पैसे ठरतात तो कागद त्याला आपणहून पाठवा ना.

अमेरिकेत असलेल्या आपल्या लोकांचा अनुभव यात ताडून बघण्यासारखा आहे. तिकडे आधी ठरलेला आकडा सहसा नसतो, अपघाताच्या आदल्या क्षणी गाडीची जी रोख किंमत असेल ती द्यायची असते, त्यामुळे तिकडचं भांडण खरोखर किमतीवरूनच होतं. पण कंपनी साधारणपणे एक छापील व्हॅल्युएशन रिपोर्ट वापरते, त्यात त्या भागात विक्रीला असलेल्या तशाच गाड्या, त्यांचं मायलेज, कंडिशनपोटी किती कापले, हे सगळं मांडलेलं असतं. मग माणूस दाखवू शकतो की तुम्ही माझं व्हेरियंटच चुकीचं धरलंय, किंवा तुमच्या यादीतल्या गाडीला सनरूफ नाही आणि माझ्या गाडीला होतं. बऱ्याच पॉलिसींमध्ये अप्रेझलचं कलम पण असतं, दोन्ही बाजूंनी आपापला अप्रेझर नेमायचा, त्या दोघांनी मिळून एक अम्पायर निवडायचा, तिघांपैकी दोघांचं जमलं की आकडा पक्का. तिकडे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही, कंपनी ती कंपनी. पण वाद घालायला समोर कागद तरी असतो. आपल्याकडे आकडा आधी ठरलेला असल्याने आपलं काम खरं तर जास्त सोपं असायला हवं होतं, आणि तरी सॅल्व्हेजच्या बोलीची शीट मिळवायला माणसाला मेटाकुटीला यावं लागतं.

कंपन्यांचं एक म्हणणं असतं आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. त्या म्हणतात की आयडीव्ही बाजारभावापेक्षा जास्त असली तर लोक मुद्दाम गाड्या जाळतात, दरीत ढकलतात, चोरीला गेली म्हणतात, आणि या खोट्या क्लेमचा भार शेवटी सगळ्यांच्या प्रीमियमवर येतो. बरोबर आहे, असे लोक आहेत. पण मग आयडीव्ही ठरवताना तुम्ही काय करत होता? पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत आपसात ठरवायची असते तेव्हा गाडी बघायला माणूस पाठवायची मुभा तुम्हाला होती, तेव्हा चार क्लिकमध्ये पॉलिसी द्यायची घाई कोणाला होती? जास्त आयडीव्ही म्हणजे जास्त प्रीमियम, तो वर्षानुवर्षं आनंदाने घेतला आणि क्लेम आल्यावर आठवलं की किंमत जास्त होती. खोटा क्लेम वाटला तर इन्व्हेस्टिगेटर लावा, पुरावा आणा, क्लेम पूर्ण नाकारा, पोलिसांत द्या. चोर पकडता येत नाही म्हणून रांगेतल्या प्रत्येकाच्या खिशातून थोडे थोडे काढून घ्यायचे याला फसवणूक रोखणं म्हणत नाहीत.

आपल्या बाजूचं पण बोलायला पाहिजे. रिन्युअलच्या वेळी ऑनलाइन कोट बघताना सगळ्यात कमी प्रीमियमचा आकडा वर दिसतो आणि तो बऱ्याचदा आयडीव्ही खाली ओढून आणलेला असतो. एक लाखाने आयडीव्ही कमी केली तर प्रीमियममध्ये फार तर दोन-तीन हजारांचा फरक पडतो आणि आपण खूश होतो. पण एकदा त्या आकड्याला हो म्हटलं की मग धर्मेंद्र गोयलचा निकाल दोन्ही बाजूंनी चालतो, ठरलेला आकडा कंपनीला जसा नाकारता येत नाही तसा आपल्यालाही येत नाही. नवीन गाडीवाल्यांनी तर हे पण लक्षात घ्यावं की आयडीव्हीत रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशन येत नाही, आणि महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के टॅक्स जातो, म्हणजे शोरूममधून निघाल्या निघाल्या तेवढे विम्याच्या बाहेर राहतात, रिटर्न टू इनव्हॉइस हे जास्तीचं कव्हर घेतलं असेल तरच ते परत येतात.

ज्यांचा वाद आत्ता चालू आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगेन की फोनवर काही मान्य करू नका, सगळं मेलवर आणा. सर्व्हे रिपोर्ट, गॅरेजचं एस्टिमेट, सॅल्व्हेजच्या सगळ्या बोली, आणि कुठल्या अटीखाली किती कापले, हे लेखी मागा. डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे पैसे मिळाले आणि विषय संपला अशा अर्थाच्या पावतीवर, सही करायला लावतात, त्याला घाबरू नका, आयआरडीएआयने २०१५ मध्येच सर्क्युलर काढून सांगितलंय की त्या सहीमुळे जास्त रकमेसाठी पुढे दाद मागायचा हक्क जात नाही, तरी सहीखाली "रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारतो" असं लिहा आणि फोटो काढून ठेवा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रारींच्या पोर्टलवर टाका, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, ऑफिस मुंबईत पण आहे आणि पुण्यात पण. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, निकाल कंपनीवर बंधनकारक असतो आणि आपल्याला पटला नाही तर पुढचा रस्ता मोकळा राहतो. फक्त कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जा. जिल्हा ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, कंपनीचं हेड ऑफिस कुठे का असेना. आयोगाकडे जाणार असाल तर एखाद्या स्वतंत्र लायसन्सवाल्या सर्व्हेअरचा किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरचा रिपोर्ट सोबत लावा, नुसतं अन्याय झाला म्हणण्यापेक्षा समोर दुसरा आकडा ठेवला की बोलणं बदलतं.

पण हे सगळं करायला वेळ लागतो, आणि कंपनीची खरी ताकद कायद्यात नसून या वेळेत आहे. गाडीवर लोन असेल तर क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जाणार, तोपर्यंत हप्ता चालूच, गाडी नाही तरी हप्ता चालूच. ज्याचं पोट गाडीवर आहे, टुरिस्टवाला असेल, मार्केटिंगची फिरती नोकरी असेल, तो दोन महिन्यांत थकतो आणि लाखभर सोडून सही करतो. उशीर झाला तर बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त व्याज द्यायचा नियम आहे, पण ते व्याज वाद संपल्यावर मिळणार, त्याने या महिन्याचा हप्ता भरला जात नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी इथे आहे. आयडीव्ही ४ लाख २० हजार आहे आणि कंपनी स्वतःच म्हणतेय की आम्ही २ लाख ५४ हजार देणं लागतो, तर त्या २ लाख ५४ हजारांबद्दल वाद कुठे आहे? ते ताबडतोब द्या, कुठल्याही सहीच्या अटीशिवाय, आणि भांडण फक्त वरच्या रकमेवर चालू द्या. आज काय होतं की पूर्ण आणि अंतिम म्हणून सही करत नाही तोवर मान्य असलेला रुपया पण अडकवून ठेवतात. आयआरडीएआयने एवढाच नियम करावा की सर्व्हे रिपोर्ट आल्यापासून ठराविक दिवसांत कबूल केलेली रक्कम बँकेत किंवा मालकाच्या खात्यात गेलीच पाहिजे, आणि वाद घालणाऱ्याची ती रक्कम रोखली तर दंड कंपनीला.